केदाऱ्यांच्या होडीचं कलम नऊ

होडीचं वजन अठ्ठावन्न किलो भरेल असं सावळीराम केदारेने कागदावर लिहिलं, तेव्हा मल्हारी सुताराशी त्याची ओळख झालेली नव्हती. झाली असती तर एवढ्या ठामपणे त्याने आकडा घातला नसता.

कागद मात्र बघण्यासारखा होता. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढलेली होडी, वरून, कुशीवरून आणि समोरून. शेजारी तपशिलाचा तक्ता. लांबी तीन मीटर पस्तीस, रुंदी एक मीटर सदतीस, खोली पंचेचाळीस सेंटिमीटर. डोलकाठी दोन तुकड्यांची, म्हणजे मोडून ठेवता यावी. मधली फळी वर ओढता येणारी, म्हणजे उथळ पाण्यात तळ घासू नये. शीड साडेसहा चौरस मीटर. दोन्ही कुशींना बंद हवापेट्या, बसायचं त्यांच्यावरच. तळाला साचलेलं पाणी काढायला एक भोक आणि त्याला रबरी बूच. आणि हे सगळं रस्त्याने न्यायला भंगारातल्या स्कूटरच्या दोन चाकांवरचा ट्रेलर. अशी एकतीस कलमं होती. त्यातल्या अठ्ठाविसाव्या कलमात 'ओढणारे वाहन' एवढं लिहून पुढे आडवी रेघ मारली होती, कारण सावळीरामकडे सायकल होती.

सावळीराम पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात एकोणीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. सरकारी नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चार रकाने असतात: आराखडा, रेखाटन, तपासले, मंजूर. सावळीरामची जागा दुसऱ्या रकान्यात. तिथे तो बारीक अक्षरात 'सा. के.' लिहायचा. पहिल्या रकान्यात कुणा ना कुणा साहेबाचं नाव असायचं. साहेब बदलत राहिले, सा. के. मात्र तेच राहिले. मोरी असो, कालवा असो की साहेबांच्या बंगल्याचं कुंपण असो, ते सुचायचं साहेबांना आणि सावळीरामने ते फक्त रेखाटायचं, असा खात्याचा समज होता. वास्तविक बंगल्याचं कुंपण साहेबांना दिसायचं ते सुद्धा सावळीरामच्या कागदावर पहिल्यांदा.

कालव्याला खातं लागतं. होडी एका माणसाची असू शकते. म्हणून होडी. या एका कागदावर सावळीरामने पहिल्या रकान्यात 'सावळीराम लहानू केदारे' असं वडिलांसकट पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसला होता. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आता या माणसाला पोहता येत होतं का? नव्हतं. गोदाकाठी जन्म काढूनही त्याने घोट्यावर पाणी कधी येऊ दिलं नव्हतं. ही गोष्ट एकतीस कलमांत कुठेच नव्हती आणि घरीही कुणाला ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती.

"अगं, इथे एक सही कर बरं," तो बायकोला म्हणाला.

मालन नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची. रोज साठ वह्या घरी आणायची आणि प्रत्येक पानाखाली लाल पेनाने 'तपासले' लिहून सही ठोकायची. सावळीरामच्या मते घरात इतकी अनुभवी तपासणारी असताना तिसरा रकाना रिकामा राहणं बरं नव्हतं. तपासल्याशिवाय नकाशा कामावर गेला की काहीतरी कोसळतं, हे खात्यात त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मी हे तपासलंय का?" मालन म्हणाली.

"नाही. पण रकाना मोकळा दिसतो ना."

"चौथीतल्या पोरांच्या वहीवरसुद्धा मी न बघता सही करत नाही. तुम्ही तर चांगले घोडे झालात. आधी पाण्यावर चालवून दाखवा, मग बघू."

तिसरा रकाना रिकामा राहिला आणि त्या दिवसापासून सावळीरामला जेवण गोड लागेना.

मल्हारी सुताराने आयुष्यात दारं केली होती, चौकटी केल्या होत्या, बैलगाड्या केल्या होत्या. हलकं असं त्याने काही केलं नव्हतं आणि जे दोन माणसांना सहज उचलतं त्याला तो वस्तू मानत नव्हता. अंगणात प्लायवूडचे ताव पाहून त्याने ते बोटाने वाजवले.

"भाऊसाहेब, ह्यो पुठ्ठा हाय."

"प्लायवूड आहे, मल्हारी. पाण्यात चालणारं, खास मागवलेलं."

"पुठ्ठाच. सागवान लावा. लोक काय म्हनतील, मल्हारीनं पुठ्ठ्याची होडी केली?"

"अहो, सागवानाने वजन वाढेल."

"वाढू द्या की. वजन हाय म्हंजी माल हाय."

सावळीरामने त्याला तक्ता वाचून दाखवला. मल्हारीने तो श्रद्धेने ऐकला. मिलिमीटर आपल्या हाताखाली कधी आलेला नाही, इंच-सुतात सांगा, एवढीच विनंती केली. सावळीरामने रात्रभर, म्हणजे जेवणानंतर साडेनऊपर्यंत, सगळे मिलिमीटर सुतात उतरवून दिले. पण तो दहा ते सहा कचेरीत असायचा आणि मल्हारी दहा ते सहा अंगणात. संध्याकाळी घरी यावं तर होडीच्या आतून एखादी नवी सागवानी पट्टी निघालेली असायची. "ही कशाला?" विचारलं की मल्हारी म्हणायचा, "आसू द्या, जीवाला बरं." कुणाच्या जीवाला ते तो सांगत नसे.

तळाला भोक पाडायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने हत्यारं खाली ठेवली. "होडीला भोक? माझा हात नाय धजायचा, भाऊसाहेब." सावळीरामने कलम चौदा दाखवलं, बूच दाखवलं, बूच बसवून दाखवलं. उपयोग झाला नाही. शेवटी गिरमिट घेऊन सावळीरामने ते स्वतः पाडलं आणि तेवढा वेळ मल्हारी भिंतीकडे तोंड करून विडी ओढत बसला.

कॉलनीत होडीची बातमी पसरायला उशीर लागला नाही, कारण होडी अंगणात आणि अंगण नळाच्या वाटेवर. शेजारच्या विमलाबाईंनी पहिल्याच दिवशी बुकिंग केलं. "भावजी, ह्यात पाणी साठवणार ना? आमचेही दोन हंडे राहू द्या." ही होडी आहे, हिच्यात पाणी बाहेरून असतं, आतून नसतं, हे सावळीरामने त्यांना तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मग काय उपयोग?" पलीकडच्या चाळीतले एक निवृत्त पोस्टमास्तर दर रविवारी कुठे ना कुठे होडी उलटल्याची बातमी वर्तमानपत्रातून कापून दाराच्या फटीतून आत सरकवत. त्यावर तारीख आणि 'माहितीसाठी' असा शेरा असे. सावळीराम त्या बातम्या न वाचता घडी घालून ठेवायचा आणि मग संध्याकाळी सगळ्या वाचायचा.

होळी झाली. होडीला रंग लावून ती पालथी घातली आणि तो कचेरीत गेला. परत आला तर होडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया वाळत होत्या. विमलाबाई हातात काठी घेऊन कावळे हाकत होत्या. "एवढी स्वच्छ, उतरती, उन्हातली जागा अख्ख्या कॉलनीत नाही हो भावजी," त्या कौतुकाने म्हणाल्या. आयुष्यात त्याच्या आराखड्याचं कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. त्यामुळे त्याला रागवताही आलं नाही. रंग ओला होता. डाव्या कुशीवर अकरा कुरडयांचे ठसे उमटले ते कायमचे.

शीड केरू मंडपवाल्याने शिवलं. कापड उत्तम, शिलाई दुहेरी, माप बरोबर. फक्त खालच्या काठाला लाल-पिवळी झालर. "बिनझालरीचं कापड आपल्या दुकानातून जात नाय," केरू म्हणाला. "तुमच्याकडनं शिलाई वेगळी नाय घेत."

आणि मग वजन केलं. कॉलनीमागे गोटीरामचा मळा होता, कोबीचा आणि झेंडूचा. त्याच्याकडे माल तोलायचा काटा होता आणि ट्रॅक्टरही होता, त्यामुळे कलम अठ्ठाविसातली आडवी रेघ एकदाची भरली होती. चौघांनी होडी उचलून काट्यावर ठेवली.

"सत्त्याण्णव," गोटीराम म्हणाला.

सावळीराम पोत्यावर बसला.

"भाऊसाहेब, हे काय वजन हाय? माझा ट्र्याक्टर तीन टन वढतो. मागं काय बांधलंय ते त्याला कळायचं बी नाय."

पण सावळीरामला ट्रॅक्टरची काळजी नव्हती. त्याला कलम नऊची काळजी होती. कलम नऊ असं होतं: 'होडी पाण्याने पूर्ण भरली तरी बुडणार नाही.' सगळ्या तक्त्यात त्याचं हे लाडकं कलम. दोन हवापेट्यांत किती हवा, ती किती वजन पेलते, याचा हिशेब त्याने अठ्ठावन्न किलोंवर केला होता. धरणाच्या खात्यात लागेल त्याच्या दुप्पट धरायची सवय असते. त्या सवयीने पेट्याही दुप्पट धरल्या होत्या. आता दुप्पट उरल्या नव्हत्या. किती उरल्या ते काढायला तो तीन वेळा बसला आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली. चौथ्यांदा त्याने कागद उघडलाच नाही.

धरणात होडी घालायला परवानगी लागते. सावळीरामने रीतसर अर्ज केला. अर्ज वर गेला, शेरे घेत घेत फिरला आणि बाराव्या दिवशी 'तांत्रिक अहवाल सादर करावा' असं लिहून सावळीरामच्याच टेबलावर आला. स्वतःच्या अर्जावर माणसाने काय अहवाल द्यावा? जास्त बरं लिहिलं तर पक्षपात, वाईट लिहिलं तर होडी गेली. दोन दिवस विचार करून त्याने लिहिलं: 'अर्जदारास समक्ष पाहिले. इसम सरळ वाटतो. आराखडा ठीक.' फाईल पुन्हा वर गेली आणि कार्यकारी अभियंता कापडणीस साहेबांनी बोलावणं पाठवलं.

कापडणीस साहेब मूळचे सटाण्याकडचे, अहिराणी मुलखातले, पण कचेरीत ते इंग्रजी आणि सरकारी मराठी याशिवाय दुसरं काही बोलत नसत. देहाने भरदार, सफारीत बसवलेले. त्यांनी होडीचा नकाशा टेबलावर पसरला आणि चक्क पाच मिनिटं पाहिला. एरवी ते अर्ध्या मिनिटात सही करून मोकळे होत.

"केदारे, वर्क चांगलं आहे."

सावळीरामला उभ्या उभ्या भरून आलं.

"पण परवानगीत अडचण आहे. ड्राफ्ट्समनच्या आराखड्यावर मी मंजुरी दिली तर वरून विचारणा होईल. आराखडा सक्षम अधिकाऱ्याचा हवा." साहेबांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे माझं नाव टाका. रेखाटनात तुमचं आहेच. परवानगी आजच देतो. उद्घाटनालाही येईन."

"साहेब, आणि तपासले?"

"तो राहू द्या. कोण बघतंय?"

ट्रेसिंग पेपरवरची शाई रबराने जात नाही. दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेऊन ती हलक्या हाताने खरवडावी लागते. या कामात सावळीरामचा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. त्याने टेबलावर वाकून आधी केदारे खरवडलं, मग लहानू खरवडलं, मग सावळीराम खरवडलं. कागद फाटला नाही, नुसता थोडा खरखरीत झाला. त्यावर त्याने सुबक अक्षरात साहेबांचं नाव लिहिलं. नाही म्हणाला असता तर होडी जन्मभर कुरडयांना राहिली असती, असं तो स्वतःला सांगत होता. खरंही होतं ते. पण सायकलवरून घरी येताना त्याला कोणत्या चौकातून वळलो तेही आठवेना.

मालनने नकाशा पाहिला. बोट खरखरीत जागेवरून फिरवलं.

"नाव खरवडलंत?"

"परवानगी मिळाली."

"वडिलांचंसुद्धा?"

त्याने नकाशाची गुंडाळी केली. ती वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून तपासायला बसली आणि होडी हा विषय त्या घरात आठ दिवस कुणी काढला नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे गोटीरामचा ट्रॅक्टर, त्याला लहान पाळण्याएवढा दिसणारा ट्रेलर, त्यावर होडी, तिच्यात झालरीचं शीड गुंडाळून ठेवलेलं. ट्रॅक्टरच्या मडगार्डावर एका बाजूला सावळीराम, दुसऱ्या बाजूला मल्हारी. मालन आणि विमलाबाई मागून रिक्षाने. ती येणार नाही असं सावळीरामने धरलं होतं. पण ती पांढरं लुगडं नेसून, पिशवीत बुद्धवंदनेच्या मेणबत्त्या आणि डबा घेऊन, कुणी न विचारता रिक्षात बसली होती. सावळीरामच्या खिशात एकतीस वस्तूंची यादी होती आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण होती. बूच, बरोबर. बसवलेलं होतं.

गावाबाहेर जकात नाका लागला. गोटीराम वेग कमी न करता निघाला होता. बाहेर जाणाऱ्याला कुणी विचारत नाही.

"थांबवा, थांबवा!" सावळीराम ओरडला.

"कामून?"

"नोंद करायला हवी. नाहीतर परत येताना नवी होडी गावात आली म्हणून जकात लागेल."

"भाऊसाहेब, रोज कोबी नेतो मी हितून..."

पण एकोणीस वर्षांची सरकारी नोकरी अंगात भिनलेला माणूस नाका दिसला की थांबतोच. नाक्यावरचा कारकून कंटाळलेला होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून काही दाखवायला आणलं होतं. तो लगेच बाहेर आला.

"काय लिहू? लाकडी सामान, वाहन की भांडी?"

बराच खल होऊन लाकडी सामान ठरलं. कारकुनाने हवापेटीवर टकटक केली.

"यात काय?"

"हवा."

"हवा?" त्याने सावळीरामकडे नीट पाहिलं. "हवा न्यायला बंद पेटी?"

सावळीरामने कलम नऊ समजावून सांगितलं. कारकुनाने ते ऐकलं आणि 'रिकाम्या पेट्या दोन, हवेसह' असं लिहिलं. मग त्याला तळातलं बूच दिसलं.

"आणि याच्याखाली काय?"

"रस्ता."

त्याने बूच उपटलं, डोळा लावला, खाली खरंच रस्ता आहे याची खात्री केली आणि पावती लिहायला टेबलाशी बसला. वारा सुटला होता. पावत्या फडफडत होत्या म्हणून त्याने हातातलं बूच गठ्ठ्यावर दाबून ठेवलं. सावळीरामने पावती घेतली, दोनदा वाचली, चार घड्या करून आतल्या खिशात ठेवली आणि खिशाला बटण लावलं. अशी काळजी घेणारा माणूस खात्यात शोधून सापडला नसता.

धरणावर साहेब आधीच आले होते. सोबत दोन उपअभियंते, तीन कारकून आणि एक कॅमेरा. पाणी ओसरलं होतं, त्यामुळे काठचा चिखल तुडवत गोटीरामने ट्रेलर मागे मागे नेला आणि होडी अलगद पाण्यावर सरकली. सत्त्याण्णव किलोंची, कुरडयांच्या ठशांची, पण तरंगली. मल्हारीने टोपी काढून डोळे पुसले. भाषणापुरती ती काठच्या मऊ चिखलात टेकवून ठेवली. साहेबांनी छोटंसं भाषण केलं. 'ही कल्पना मला बऱ्याच दिवसांपासून' अशी त्याची सुरुवात होती. सावळीराम त्या वेळी डोलकाठीचे दोर बांधत होता. त्याने एक गाठ दोनदा मारली.

"केदारे, फर्स्ट ट्रायलला डिझायनर हवाच," म्हणत साहेब बुटांसकट होडीत बसले. सावळीराम सुकाणूपाशी बसला. काठावर मालन उभी होती. ती साहेबांकडे पाहत नव्हती, होडीकडेही पाहत नव्हती. ती सावळीरामकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा त्याला फार कडक वाटला.

शीड उभं राहिलं. झालर फडफडली. वाऱ्याने शीड फुगलं, होडी एका कुशीला किंचित कलली आणि चालू लागली. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. पाणी कुशीला घासत जाताना कापड फाडल्यासारखा आवाज करत होतं. कागदावर काढलेली रेघ अशी आवाज करत जाईल हे सावळीरामला कधी वाटलं नव्हतं. पहिली दोन मिनिटं तो घाबरायचं विसरला. तो फार आनंदात होता.

तिसऱ्या मिनिटाला त्याचे मोजे ओले झाले.

त्याने खाली पाहिलं. कलम चौदाच्या जागी अडकलेला चिखल धुऊन गेला होता, धरणाचं पाणी कारंज्यासारखं आत येत होतं, आणि त्याच क्षणी नाक्यावरचं टेबल, पावत्यांचा गठ्ठा आणि त्यावरचं काळं बूच त्याला लख्ख दिसलं. त्याने भोकावर टाच दाबली. टाच दाबली की सुकाणू सुटायचं, सुकाणू धरलं की टाच. काठ दीडशे हात मागे राहिला होता.

"केदारे, हे पाणी डिझाईनमध्ये आहे का?"

"नाही साहेब. आपण फक्त हलू नका."

साहेब हलले. हलले म्हणजे उभेच राहिले. होडी त्यांच्या बाजूला झुकली, कुशीवरून पाणी भसकन आत आलं आणि बघता बघता होडी काठोकाठ भरली. साहेबांच्या तोंडची इंग्रजी गेली, सरकारी मराठी गेली आणि सटाणा बाहेर आला.

"बुडनू रे माय! मी बुडनू! पानीच पानी शे रे!"

सावळीरामने सुकाणू दोन्ही हातांनी धरलं. त्याला पोहता येत नव्हतं. सत्त्याण्णव किलो, अधिक साहेब, अधिक आपण. पाणी कमरेपर्यंत आलं. त्याने डोळे मिटले आणि पाणी छातीला लागायची वाट पाहिली.

ते लागलं नाही. कमरेवरच थांबलं. होडी पूर्ण पाण्याखाली होती, पण त्याच्या बुडाखालची पेटी त्याला खालून वर दाबत होती. हवा आपलं काम करत होती. सागवानही खाली जायला तयार नव्हतं.

"साहेब," सावळीराम डोळे उघडून म्हणाला, "बसून राहा. बुडणार नाही. कलम नऊ."

"कसलं कलम! मी काढलं का हे?" साहेब काठाकडे तोंड करून दोन्ही हात वर करून ओरडले. "हे डिझाईन माझं नाही! ऐकता का सगळे? माझा काही संबंध नाही! हे केदारेंचं डिझाईन आहे! सगळंच्या सगळं केदारेंचं!"

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ जातो. उपअभियंत्यांनी ऐकलं, कारकुनांनी ऐकलं, मल्हारीने आणि गोटीरामने ऐकलं, मालनने ऐकलं. कॅमेरावाल्याने त्याच क्षणी फोटो घेतला. त्यात साहेब हात वर करून उभे राहण्याच्या बेतात आहेत आणि त्यांच्यामागे कमरेपर्यंत पाण्यात बसलेला सावळीराम केदारे सुकाणू धरून हसतो आहे.

शीड फुगलेलंच होतं. त्या भरलेल्या होडीला ते तसंच वीस मिनिटं ढकलत राहिलं आणि सावळीरामने ती पायी चालणाऱ्याच्या वेगाने काठाच्या चिखलात आणून लावली. साहेब उतरून कुणाशी न बोलता जीपमध्ये बसले. मल्हारी होडीभोवती एक फेरी मारून आला. "सागवान बुडतं का कधी?" तो म्हणाला. सावळीरामने त्याला विरोध केला नाही. विमलाबाई काठोकाठ भरलेल्या होडीकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे पाणी राहतं की हो ह्यात, भावजी."

मालन पुढे आली. तिने कोरडा टॉवेल त्याच्या हातात दिला. टॉवेल यादीत नव्हता.

परतताना नाक्यावर कारकून वाटच पाहत होता. त्याने पुस्तक उघडून दाखवलं. 'रबरी बूच, एक नग, मालक विसरून गेले.' सही घेऊन त्याने ते परत केलं.

सोमवारी सकाळी सावळीरामच्या टेबलावर ज्ञापन आलं. मजकूर असा होता: 'सदर होडीचा आराखडा आपण स्वतः, कोणत्याही अधिकाऱ्याच्या मार्गदर्शनाशिवाय तयार केलेला असून त्याची संपूर्ण जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. याबाबत सात दिवसांत खुलासा सादर करावा.' खाली साहेबांची सही, शिक्का, जावक क्रमांक. सावळीरामने ते तीन वेळा वाचलं. एकोणीस वर्षांत सरकारने त्याचा म्हणून लिहून दिलेला हा पहिला आराखडा, तोही शिक्क्यासकट. त्याने त्याच दिवशी खुलासा दिला: 'ज्ञापनातील मजकूर अक्षरशः मान्य आहे.' खुलाशावर पुढे काय करावं हे कुणाला सुचलं नाही आणि फाईल कपाटात गेली.

त्या संध्याकाळी त्याने ब्लेडने साहेबांचं नाव खरवडलं आणि त्या जागी पुन्हा स्वतःचं लिहिलं. दोनदा खरवडलेल्या कागदावर शाई पसरते. सावळीराम लहानू केदारे ही अक्षरं इतर अक्षरांपेक्षा जाड उमटली. तो ते पाहत बसला असताना मालनने वह्या बाजूला सारल्या.

"आणा इकडे."

तिने लाल पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली. कलम तीनमधले अठ्ठावन्न खोडून सत्त्याण्णव केले. शिडापुढे 'झालरीसह' लिहिलं. कलम चौदापाशी थांबून समासात 'बूच विसरू नये' असा शेरा मारला. कलम नऊपाशी मात्र तिने काही लिहिलं नाही, एक मोठी, ठळक बरोबरची खूण केली. ती एवढी दाबून केली की कागदाच्या मागे उमटली. मग एकतिसाव्या कलमाखाली तिने एक नवं कलम घातलं: '३२. होडी चालवणाऱ्यास पोहता यावे.'

सावळीरामचे कान गरम झाले.

"तुला कुणी सांगितलं?"

"सतरा वर्षं झाली लग्नाला. गोदेवर गेलं की तुम्ही शेवटच्या पायरीला माझा पदर धरता," ती म्हणाली. "होडीची मला काळजी नव्हती हो. तुम्ही काढलेलं कधी चुकलंय? सही अडली होती ती तुमच्यापायी. आणि काल ती वीस मिनिटं..." तिने मान खाली घातली, तिसऱ्या रकान्यात 'तपासले' लिहिलं, सही केली आणि डोळे पदराने टिपले.

"आणि मंजूर?" थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं.

"ते बत्तीस झाल्यावर. मला बसायचंय त्यात."

पुढच्या रविवारी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सावळीराम केदारे गोटीरामच्या विहिरीच्या पायरीवर लंगोट लावून उभा होता. पाठीला वाळलेला मोठा भोपळा दोराने बांधलेला, वरून गोटीरामचं "उतरा भाऊसाहेब, मी हाय ना," आणि काठावर मालन टॉवेल घेऊन. पाण्यात पाय घालायच्या आधी त्याने हात मागे नेऊन भोपळा सगळीकडून चाचपला आणि त्याला कुठे भोक आहे का ते दोनदा पाहिलं.